दोर कुणी कापला

समुद्र मी आजतागायत पाहिलेला नाही. बीडच्या बाहेर फार तर औरंगाबाद, आणि एकदा हैदराबाद, तेही सरकारी कामानं. तरीसुद्धा चांच्यांच्या, म्हणजे भर समुद्रात गलबतं लुटणाऱ्या लोकांच्या, गाण्यांबद्दल माझ्याइतकं सांगू शकेल असा माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नसावा. ही बढाई नव्हे. त्या गाण्यांच्या पायी मी जो शहाणपणा पाजळला तो आठवला की या वयातही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी पंचविशीत होतो. गाव माझं युसूफ वडगावकडचं. नेमणूक झाली ती गेवराईच्या पुढे, गोदावरीच्या काठावरच्या एका खेड्यात. सरकार निजामाचं, त्यामुळे कागदपत्रं उर्दूत, मुलांची रड मराठीत, आणि शाळा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. गावात वर्तमानपत्र येत नसे. जे नवं कळायचं ते नदीवरून, नावेत बसून आलेल्या माणसांकडून.

नाव चालवणाऱ्या माणसाला सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. हा मूळचा कोकण किनाऱ्यावरचा. तरुणपणी गलबतांवर अरबस्तानापर्यंत जाऊन आलेला. एका घोड्यांच्या सौदागराबरोबर मुंबई बंदरातून घोडे घेऊन तो हैदराबादला निघाला होता. वाटेत आमच्या घाटावर त्याला असा ताप भरला, की सौदागर त्याला तिथंच टाकून पुढे गेला. घाटावरच्या म्हाताऱ्या नावाड्यानं त्याला झोपडीत घेतलं, त्याच्या मुलीनं त्याला पेज पाजली, आणि माणूस बरा झाला तो तिथलाच होऊन राहिला. ती मुलगी म्हणजे तांडेलीण. सासरा वारल्यावर नाव तांडेलकडे आली, त्याला मी गेलो तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आता नाव पलीकडे न्यायची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. पावसाळ्यात घाटावरून नाव सरळ पाण्यात सोडली तर ओढीनं ती मैलभर खाली जाऊन लागे. म्हणून आधी तिला लांब दोर बांधायचा आणि काठाकाठानं वर ओढत न्यायची, एका जुन्या उंबरापर्यंत. मग सगळ्यांनी बसायचं आणि तिथून सोडायची, म्हणजे ती बरोबर समोरच्या घाटाला लागे. दोर ओढायचा तो उतारूंनीच. बाया, लेकरं, शेळ्या नावेत. अंगात ताकद असलेला प्रत्येक गडी दोराला. यातून पाटीलसुद्धा सुटत नसत, मग मास्तर कुठला सुटायला.

ओढणाऱ्यांचा जोर एका क्षणी पडावा म्हणून तांडेल सुकाणूशी उभा राहून गाणं म्हणे. एक ओळ त्याची, मग दोरावरच्या वीस-पंचवीस गड्यांनी एका दमात म्हणायचं: न्यानतन्ने! त्या शब्दावर पाय रुतवून ओढायचं. गाण्याची भाषा अशी खिचडी, की अर्धी कोकणी, बाकी कुठली कुठली. लोकांना एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते फक्त माझं.

मला लहानपणापासून खोड आहे. न कळणारा शब्द दिसला की तो मला जेवू देत नाही. मी एक वही केली. रोज शाळा सुटली की घाटावर जायचं, तांडेल जाळं विणत बसलेला असायचा, त्याला एखादा शब्द विचारायचा. आज एक, परवा दुसरा. मुद्दाम उलटसुलट विचारत असे, म्हणजे मी काय करतोय ते त्याच्या लक्षात येऊ नये. त्याच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं असणार. तो सांगत गेला. सहा-सात महिन्यांत गाणं माझ्या वहीत मराठीत उतरलं.

दोन शिडं पाठीशी, वारा गेला पडून,
भाऊ माझा होडीत, दोर माझ्या हातात.
चांचे आले होडीवर, भाऊ मारी हाक,
वारा आला शिडात, सुरी माझ्या हातात.
दोर मीच कापला, भाऊ मागे राहिला.

गलबताच्या मागे दोरानं बांधलेली एक छोटी होडी असते. तिच्यात एक खलाशी पाणी उपसत होता. चांच्यांनी आधी ती होडी गाठली. दोर तसाच राहता तर ते गलबतावर चढते. तेवढ्यात वारा सुटला आणि गाणारा म्हणतो, की मी दोर कापला. गलबत वाचलं, होडीतला भाऊ चांच्यांच्या हाती गेला. वही मिटताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला होता. आपण काहीतरी शोधून काढलं याचा आनंद. ‘न्यानतन्ने’ तेवढं मी विचारलंच नाही. ते नुसतं ओढायचं हुंकारणं असेल असं मी ठरवून टाकलं होतं.

पुढच्याच आषाढात मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, दौऱ्यावर आले. त्यांना नदीपार जायचं होतं. साहेबांना दोराला कोण लावणार? ते नावेत बसले, आणि त्यांच्या सोबतीला म्हणून मलाही बसवलं. गाणं सुरू झालं. साहेब म्हणाले, काय म्हणतात हे लोक? मला दुसरं काय हवं होतं. उंबरापाशी सगळे गडी नावेत चढले, नाव सुटली, आणि भर प्रवाहात, पंचवीस-तीस माणसांच्या देखत, मी उभा राहून गाण्याचा अर्थ सांगितला. आधी उर्दूत, साहेबांसाठी. मग लोकांनाही कळावं म्हणून मराठीत. हातवारे करून. शेवटची ओळ तर दोनदा.

साहेब म्हणाले, वा मास्तर. मी खाली बसलो तेव्हा पाहिलं, की सगळी नाव तांडेलच्या हातांकडे बघत होती. त्याच्या एका हातात सुकाणू होतं. दुसऱ्या हाताशी, नेहमीसारखी, कमरेची सुरी लटकत होती.

आमच्याकडे गाण्याची रीत अशी, की जो म्हणतो तो आपलं म्हणतो. जात्यावरची बाई आपल्याच भावाचं गाते, आपल्याच सासूचं गाते. दुसऱ्याचं पाप कुणी आपल्या तोंडानं, आपल्या नावावर, अकरा वर्षं गात बसेल हे कुणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की तांडेलनं सख्खा भाऊ चांच्यांना दिला.

आठवड्याच्या बाजाराला दोरावर सहा माणसं आली. त्याच्या पुढच्या बाजाराला एकही नाही. लोक तीन कोस खालच्या घाटावरून जायला लागले. भर पावसात, डोक्यावर पोती घेऊन. बायका तर म्हणायच्या, पाणी चढलं आणि आपलं लेकरू नावेच्या कडेला असलं तर हा काय करील ते देवाला माहीत.

तांडेलीण शाळेत आली ती भर वर्गात. पोरं पाढे म्हणत होती, ती गप्प झाली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं व्हतं अर्थ सांगाया?"

मी म्हणालो, साहेबांनी विचारलं होतं.

"सायेब गेला की निघून. त्यो येनार हाय का आता दोर वढाया? माज्या बापाची नाव हाय ती. अकरा वर्सांत त्यात शेळीबी बुडाली न्हाई. आन् पाटील म्हनायला लागलेत, दुसऱ्याला देतो म्हून. आमी जावं कुटं? ह्यानं काय जात्यावर बसावं का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमीच लावलंय, तुमीच सोडवा."

ती गेल्यावर मी पोरांना सुट्टी दिली आणि घाटावर गेलो. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं होतं. तांडेलनं पाटलासमोर एवढंच म्हणायचं, की हे जुनं गाणं आहे, माझं नाही, मी नुसतं ऐकलेलं गातो. दोन वाक्यं. संपलं. मी त्याला ते अगदी मुलाला शिकवावं तसं शिकवलं.

तो जाळ्याच्या गाठी मारत राहिला. म्हणाला, "तसं म्हनता येत न्हाई, मास्तर."

"का? खरं नाही का ते?"

"खरं-खोटं कुटं आलं. म्हनता येत न्हाई."

मी चिडलो. मला चिडायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, तुमचं घर बुडायला आलंय, बायको रडतेय, आणि तुम्हाला दोन वाक्यं जड झाली? त्यानं जाळं बाजूला ठेवलं.

"बसा," तो म्हणाला. "शब्द समदे इचारलेत तुमी. हे कवाच इचारलं न्हाई, म्हून सांगतो. त्या गलबतावर नऊ जन राह्यले. किनाऱ्याला लागलं तवा त्या होडीवाल्याची आई वाळूत हुबी. तिनं इचारलं, दोर कुनी कापला? आन् पयला म्हनला, मी. तिनं दुसऱ्याकडं बगितलं, त्यो म्हनला, न्हाई, मी. तिसरा म्हनला, मी. नऊच्या नऊ. त्यातले दोगं मलबारी व्हते, ते त्यांच्या भाषेत म्हनले, न्यान तन्ने. म्हंजे, मीच."

अकरा वर्षं अख्खा गाव दोर ओढताना काय म्हणत होता ते मला तेव्हा कळलं.

"मग ती आई?" मी विचारलं.

"ती म्हनली, मग म्या शिव्या कुनाला घालू?"

हे ऐकल्यावर मला त्या नऊ जणांचा राग आला, आणि तो मी बोलूनही दाखवला. मी म्हणालो, ही तर लबाडी झाली. ज्यानं कापला तो आठ जणांच्या आड लपला. त्या बाईला धड शिव्या द्यायलाही माणूस ठेवला नाही.

"लपला न्हाई," तांडेल म्हणाला. "तिनं नवांनाबी घातल्या. मरस्तोवर घालत व्हती. एकट्यानं खाल्ल्या असत्या तर त्यो मेला असता, मास्तर. पुन्यांदा समुद्रावर गेला नसता. मग त्यांनी गानं केलं. रीत अशी, की ज्यानं ते गानं तोंडात घेतलं त्यो गलबतावर चढला. मग उतरायचं न्हाई. आज मी म्हनलो, की मी न्हवं, तर उरलेल्यातल्या कुनावर तरी जातं ते. त्यातलं कोन जित्तं हाय, कोन न्हाई, मला ठावं न्हाई. मेल्यालाबी कशापायी एकटं पाडावं?"

"तुम्ही त्या नऊ जणांत होतात का?"

तो हसला. "ह्येच तर सांगायचं नसतंय."

उठताना तो म्हणाला, "आन् आता ह्या न्यानतन्नेचा अर्थ कुनाला सांगू नका. एकदा सांगितलात तेवढं बास."

चावडीवर दोन दिवसांनी गाव जमलं. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "तांडेल, एकदाच सांग. दोर तू कापलास का?"

"व्हय," तांडेल म्हणाला. "मी."

तांडेलीण बायकांत बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मला उभं राहता आलं असतं. त्यानं मला सांगू नको म्हटलं होतं ते एका शब्दाबद्दल. बाकीचं मला सांगता आलं असतं, निदान एवढं तरी, की या माणसाची बदनामी मी केली, गाणं मला कळलं नव्हतं आणि मी ते कळल्याचा आव आणला. मी सरकारी नोकर होतो. साहेबांनी वा म्हटलेलं होतं. मी मूग गिळून बसलो. आयुष्यात मी गप्प बसलोय अशा जागा फार नाहीत, पण ही एक आहे आणि ती मला पुरून उरली.

पाटलांनी नाव तांडेलिणीच्या चुलतभावाला दिली. म्हणजे नाव घराण्यातच राहिली असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं आणि लोक घरी गेले.

चुलतभाऊ बरा नावाडी होता. पण त्याला गाता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते गाणं त्यानं म्हटलं नसतं. दोर मुक्यानं ओढला जाऊ लागला. एकानं ओढावं तेव्हा दुसरा पाय बदलत असायचा. तांडेल घाटाच्या कडेला दगडावर जाळं घेऊन बसलेला असे, तो वर पाहत नसे.

श्रावणात नदी चांगलीच चढली. बाजाराचा दिवस होता, मला शाळेच्या कामानं पलीकडच्या गावी जायचं होतं. मी दोराला मधे होतो, माझ्यापुढे पाटील. नावेत बाया, सात-आठ लेकरं. निम्म्या वाटेवर पाण्यानं नावेचं तोंड फिरवलं आणि दोर आमच्या हातांतून सरकायला लागला. कुणी इकडं ओढतोय, कुणी तिकडं. चुलतभाऊ नावेतून ओरडत होता, धरा, धरा. धरलेलाच होता सगळ्यांनी, पण प्रत्येकानं वेगळा. माझ्या तळव्याची कातडी गेली. नावेतली बाई लेकराला छातीशी धरून दोराकडे बघत होती. आमच्याकडे नाही, नुसत्या दोराकडे.

मला त्या क्षणी काही थोर सुचलं वगैरे नाही. मला एवढंच कळलं, की हा दोर आता सुटणार, आणि तो आधीच मी कापून ठेवलेला आहे. नावेत उभं राहून, हातवारे करून. माझा आवाज फाटका आहे, सुराचं तर नावच नको. मी शेवटची ओळ म्हटली. दोर मीच कापला, भाऊ मागे राहिला.

पाटलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटली. आणि त्यांच्या तोंडातून, अकरा वर्षांच्या सवयीनं, बाहेर पडलं: न्यानतन्ने. तिसऱ्यांदा चार जण म्हणाले. मग सगळे. पाय एकदम रुतले, दोर एकदम ताठ झाला, नाव थांबली, आणि हळूहळू वर यायला लागली. मला एकच ओळ नीट गाता येत होती, मी तीच म्हणत राहिलो. वीस-बावीस माणसं गळ्याच्या शिरा ताणून सांगत होती, मीच, मीच, मीच. त्याचा अर्थ फक्त मला माहीत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तळहातांमुळे आहे असं सगळ्यांना वाटलं, हे बरं झालं.

उंबर जवळ आला तेव्हा मागून कुणीतरी दोराला हात घातला. शेवटच्या टोकाला तांडेल होता. म्हणाला, "मास्तर, सूर लईच वर लावलाय, दम पुरायचा न्हाई," आणि पुढची ओळ त्यानं घेतली.

उंबरापाशी चुलतभावानं सुकाणू सोडलं आणि तो बाजूला सरकला. पाटलांनी आपला हुकूम मागं घेतला असं मला कधी ऐकू आलं नाही. तो नुसता पाळला जाईनासा झाला. तांडेल आणखी नऊ पावसाळे नावेवर राहिला. ‘न्यानतन्ने’चा अर्थ मी गावात कुणाला सांगितला नाही.

तांडेल गेला तेव्हा माझी बदली तेलगावला झालेली होती. मला निरोप उशिरा पोचला. मी गेलो तो तिसऱ्या दिवशी, दुपारी. तांडेलीण घाटावर बसली होती, नावेचा जुना दोर उकलून त्याचे धागे वेगळे करत होती. मी शेजारी बसलो.

"मास्तर," ती म्हणाली, "मला तर त्यानं कवाच सांगितलं न्हाई. तुमाला लई सांगायचा. तुमी तरी सांगा. दोर कुनी कापला वो?"

"मी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी समुद्र तरी बगितलाय का?"

"नाही."

"मीबी न्हाई," ती म्हणाली, आणि दोराचं टोक मांडीवर ओढून घेतलं. "पर कापला मीच. न्यानतन्ने."